कोणत्या पेपरात येईन?

नागपुरात कॅमेरा गळ्यात घालून रस्त्यावर उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या पेपरच्या हो मॅडम?" त्याच्या उत्तराची वाट न बघता लगेच दुसरा येतो, "येईन ना उद्या?" कुठल्याच पेपरची नाही, आपल्या हौसेनं काढते, असं मी सुरुवातीला खरं सांगून पाहिलं. त्यावर समोरच्याच्या तोंडावर आधी अविश्वास उमटायचा, मग कीव. धडधाकट बाई, घरदार दिसतंय, आणि हौसेनं उन्हात उभी?

शाळेत चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर वर्षभर शहरातले सण, जयंत्या, उत्सव, मिरवणुका टिपायच्या असं ठरवलं. हे पाण्याची बाटली, छत्री आणि जादाची बॅटरी घेऊन मागून येत. पेपरच्या प्रश्नावर तोड ह्यांनीच काढली. प्रश्न आला रे आला की मी तोंड उघडायच्या आत हे म्हणत, "दिल्लीच्या." दिल्लीचा नेमका कोणता पेपर, हे विचारायची हिंमत वर्षभरात कोणाला झाली नाही. एकदोघांनी तर ह्यांनाच "सर" म्हणून चहा पाजला. मला तशीच ठेवली.

संक्रांतीला सुरुवात केली. नागपूरची संक्रांत गच्चीवर असते, आणि गच्चीवरच्या माणसाचा फक्त खालचा जबडा फोटोत येतो. सगळे वर बघतात, "ओ काट" करून ओरडतात, थाळ्या बडवतात. पतंग आकाशात ठिपक्याएवढा. घरी येऊन पाहिलं तर निळ्या आकाशाचे रिकामे फोटो आणि हनुवट्या. २६ जानेवारीला सीताबर्डीच्या किल्ल्यावर गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात, सामान्य माणसाला आत जायला वर्षातून तीनच दिवस: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. त्यामुळे आख्खं शहर रांगेत. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेनं इंग्रजांशी इथे लढाई दिली आणि हरली. पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी मुलाला ही लढाई एवढ्या आवेशानं सांगितली की रांग संपेपर्यंत ती आपण जिंकलेली होती. मी मध्ये बोलले नाही. शिक्षकी सुटलीय आता.

खरं शिक्षण झालं ते जयंत्यांना. पुतळ्याला हार घालणं हे दिसायला साधं काम आहे. शिडी, हार, एक माणूस. प्रत्यक्षात त्या एका हाराला सात-आठ हात लागलेले असतात, आणि फोटो निघेपर्यंत एकही हात सुटत नाही. सर्वात मागच्या कार्यकर्त्याचा तर फक्त पंजा पोचतो, पण तो पंजा कोणाचा हे त्याच्या वॉर्डात सगळ्यांना ओळखू येतं म्हणे. एका चौकात हार घालून झाला, टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या आणि वरून आवाज आला, "मॅडम, आलं का?" मी म्हटलं, भाऊ, तुमचे डोळे मिटले होते. त्यावर महापुरुषाच्या गळ्यातला हार काढला गेला आणि तोच पुन्हा घातला गेला. दुसऱ्या खेपेला शेजारच्या भाऊंचे डोळे मिटले. तिसऱ्या खेपेला टाळ्याही नव्यानं वाजल्या. ह्या सगळ्यात स्थिर होते ते एकटे पुतळ्यातले गृहस्थ. वर्षभर मी माणसांचे फोटो काढले, पण पापणी न लववता, पोट आत न घेता, "थांबा, गॉगल काढतो" न म्हणता उभे राहणारे तेवढेच.

१३ एप्रिलच्या रात्री मात्र संविधान चौकात कोणी मला "आलं का?" विचारलं नाही. बाबासाहेबांच्या जयंतीचे बारा वाजायची वाट बघत तिथे एवढी गर्दी लोटते की कॅमेरा डोळ्यापर्यंत नेता येत नाही. तो डोक्यावर धरून बटण दाबायचं आणि नशिबाच्या हवाली करायचं. त्या रात्रीचे फोटो माझे सगळ्यात चांगले आलेत, हे ह्यांनी जरा जास्तच वेळा बोलून दाखवलंय. रामनवमीच्या शोभायात्रेत नुकसान झालं ते पाहुणचारानं. पोद्दारेश्वर मंदिरापासून मिरवणूक निघते, आणि वाटभर दर पन्नास पावलांवर कोणीतरी मंडप टाकून ताक, सरबत, बुंदी वाटत असतं. नाही म्हणायची सोय नाही. "घ्या ना मॅडम, उन्हाचं बरं असते." एका हातात ताक, एका हातात बुंदी, कॅमेरा लोंबकळतोय आणि चित्ररथ समोरून निघून जातोय. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंवर डाव्या कोपऱ्यात एक धूसर पांढरा गोल आहे. तो ताकाचा थेंब. ह्यांना तो ढग वाटला.

इथे एक नियम सांगून ठेवते. कॅमेरा गळ्यात असला की मी मॅडम असते, पिशवीत गेला की काकू. आणि गर्दी हाताबाहेर गेली की दोन्ही हुद्दे जातात, नुसतं "ओ, बाजूला व्हा" उरतं. मारबतीच्या दिवशी मी सकाळी सातला मॅडम होते आणि नऊला बाजूला व्हा.

मारबत न पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगणं कठीण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरात, इतवारीच्या भागात, बांबू, कागद, कापडाच्या ह्या अवाढव्य बाया निघतात. एक काळी, एक पिवळी. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांच्या घरातली बांकाबाई, असं कोणी म्हणतं. कोणी म्हणतं पूतना. खात्री करून घ्यायच्या भानगडीत इतवारीत फिरू नये, प्रत्येक गल्लीत निराळी आणि आधीच्या गल्लीपेक्षा ठाम कथा मिळते. पिवळीच्या पाया पडतात, लेकरं तिच्या पायाशी आणतात. काळीला मात्र शिव्या. दोघींनी मिळून वर्षभराची रोगराई आणि पीडा शहराबाहेर न्यायची आणि जळून जायचं, असा कार्यक्रम. सोबत बडगे. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा, आणि दरवर्षी नवा: महागाईचा, भ्रष्टाचाराचा, डेंग्यूचा. त्यांच्या गळ्यातल्या पाट्या मी वाचल्या. त्या कोणत्याच पेपरात येणार नाहीत, दिल्लीच्या तर नाहीच.

गल्ल्या अरुंद, वर विजेच्या तारांचं जाळं, आणि मारबत दुमजली घराएवढी. म्हणून पुढे एक पोरगा लांब बांबू घेऊन चालतो. तारा उचलून धरतो, मारबतीचं डोकं खालून जातं, तारा सोडतो, पुढच्या खांबाकडे पळतो. त्या पोराचा फोटो हवा म्हणून मी पुढे घुसले आणि गर्दीनं मला शांतपणे उचलून एका घराच्या पायरीवर ठेवलं. वरच्या गॅलरीतून एक आजी ओरडल्या, "वर ये वं माय, चेंदामेंदा होईन तुहा!" गेले. गॅलरी म्हणजे काय जागा होती! खाली नेहरू पुतळ्याचा चौक दिसत होता. काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तो चौक. ज्यासाठी वर्षभराचा हा उद्योग मांडला, तो क्षण तिथे यायचा होता आणि माझ्यापुढे एक साधं डोकंसुद्धा आडवं नव्हतं.

गॅलरीला भाडं होतं. मारबतीच्याच दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडाचे बैल सजवून मिरवतात आणि घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, गोळा करतात. आजींचा नातू सकाळी आठपासूनच शेतकरी होऊन बसला होता: धोतर, फेटा, पेन्सिलीनं काढलेल्या मिशा. "आमच्या बंड्याचा बैलासंगं एक काढून दे." एक कसला? बैलाची झूल सरळ नव्हती. मग बेगड सुटली. मग शिंगांना फुगे बांधायचे राहिले होते. मग बंड्या हसेना, आणि हसला तेव्हा पडलेले दोन दात दिसले म्हणून आजींनाच तो फोटो पसंत पडेना. एवढ्यात खालून असा गलका उठला की गॅलरीची कवाडं थरथरली. मी वळणार तोच आजी म्हणाल्या, "आता हसला पाय, काढ काढ!" काढला. वळले तेव्हा काळीची पाठ दिसत होती. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या क्षणाचा माझ्याकडचा पुरावा म्हणजे लाकडी बैल, बोळका शेतकरी आणि मागे कठड्यापलीकडे पिवळ्या मारबतीच्या हाताची तीन बोटं. निघताना बंड्यानं हात पुढे केला. बोजारा. दिला.

अशी चुकामूक नागपुरात थोरामोठ्यांचीही झालेली आहे. भोसल्यांच्या घराण्यातले खंडोजी उर्फ चिमणाबापू बंगालच्या स्वारीवरून विजय मिळवून परतले, तोवर घरच्या गणपतीचं विसर्जन होऊन गेलेलं. मग त्यांनी पितृपक्षात पुन्हा गणपती बसवला, नकला, सोंगं, गाणी ठेवली. १७८७ पासूनचा हा हाडपक्या गणपती महालातल्या भोसले वाड्यात अजून बसतो. मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. बाकी महाराष्ट्रात फोटोग्राफर कॅमेरे पुसून कपाटात ठेवतात त्या पंधरवड्यात आमच्याकडे पुन्हा आरती सुरू. उशिरा येणाऱ्यासाठी देवानं परत यायचं, ही सोय मला फार आवडली. मी ह्यांना म्हटलं, बापूंचा गणपती चुकला तर दुसरा बसला, माझ्यासाठी मारबत पुन्हा निघायला काय हरकत आहे? हे म्हणाले, "तू आधी बंगाल जिंकून ये."

दसऱ्याला कॅमेरेवाल्यानं कुठे जावं हा प्रश्न नागपूरइतका दुसऱ्या शहराला पडत नसावा. सकाळी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव. संघाची स्थापनाच ह्या शहरातली, १९२५ च्या विजयादशमीची. तिकडे दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं आलेली, कारण १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली. आणि संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर रावण. तिन्ही ठिकाणी मी एकाच दिवशी गेले. रिक्षावाल्यानं मला रेशीमबागेजवळ बसवलं आणि दीक्षाभूमी सांगितल्यावर आरशातून पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

रेशीमबागेत फोटो काढायला कौशल्य लागत नाही. रांगा आधीच सरळ असतात, फक्त कॅमेरा वाकडा धरू नये. दीक्षाभूमीवर गोष्ट उलटी. तिथे सरळ रांग पुस्तकांच्या स्टॉलपुढे, आणि ती पुढे सरकत नाही, कारण माणूस पुस्तक घेतो ते तिथेच उघडून वाचायला लागतो. जत्रेतून खेळण्याऐवजी जाडजूड ग्रंथ खांद्यावर टाकून परतणारी माणसं मी आणखी कुठे पाहिली नाहीत. यवतमाळकडच्या एका कुटुंबानं मला त्यांच्याच मोबाइलवर फोटो काढायला लावला. अट एकच, "ताई, स्तूप पुरा आला पायजे." घुमटाचा व्यास १२० फूट. मी मागे मागे सरकत गेले. स्तूप पूर्ण आला तेव्हा कुटुंब मुंग्यांएवढं झालं होतं. पुढे आले तर कुटुंब आलं, कळस गेला. शेवटी मी पांढरी साडी नेसलेल्या त्यांच्या आजीच्या पायाशी, जमिनीवर आडवी झाले. फोटो छान आला. उठायला आजींनीच हात दिला आणि पिशवीतून भाकरी काढून माझ्यापुढे धरली. त्यांनी मला ताई म्हटलं होतं, मॅडम नाही न् काकूही नाही, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

रावणाचं थोडक्यात सांगते: तो जळला. मी काढलेल्या प्रत्येक फोटोत उंच धरलेले शेकडो मोबाइल आहेत आणि प्रत्येक मोबाइलात एक छोटा रावण जळतोय. खरा रावण हातांच्या मागे.

२३ नोव्हेंबरला गोवारी स्मारकाजवळ ह्यांना मी "दिल्लीच्या" म्हणू दिलं नाही. १९९४ साली ह्याच तारखेला विधानसभेवर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव गेले. बाया, लेकरंही होती. दरवर्षी त्यांची माणसं गावागावातून येतात, फुलं ठेवतात, तिथेच झाडाखाली डबे सोडतात. मी कॅमेरा पिशवीतच ठेवला होता. एका म्हाताऱ्या बाबांनी पिशवीकडे बोट केलं आणि म्हणाले, "काढा ना बाई. कोनी तरी काढले पायजे." पेपर विचारला नाही. काढले.

वर्ष संपल्यावर कळलं की फोटो काढणं हा उद्योगाचा लहान भाग. मोठा भाग ते पाठवणं. ज्याचा फोटो काढला त्याचा नंबर घ्यायची सवय लागली होती. माझ्या मोबाइलात "हारवाले भाऊ (डोळे मिटलेले)", "हारवाले भाऊ २", "बैलवाल्या आजी", "ताक", "यवतमाळ स्तूप" अशी नावं आहेत. हारवाले भाऊ रोज सकाळी सुप्रभात पाठवतात. बैलवाल्या आजींनी बंड्याचा फोटो परत पाठवून कळवलं की मागची ती पिवळी बोटं तेवढी काढून टाक, लेकराला नजर लागल्यासारखी दिसतात.

परवा इतवारीतून फोन आला. बांबूनं तारा उचलणारा तोच पोरगा. आता त्याचं स्वतःचं मंडळ झालंय, औंदा बडग्या काढायचा विचार चाललाय. "विषय भेटून नाही राहिला होता काकू, मंग तुम्ही आठवल्या. जो उठला तो फोटो काढून राहिला, सण कोनी पाहूनच नाही राहिलं. मोठा कॅमेरेवाला करू म्हटलं." मी म्हटलं, करा की, माझाच करा, जुनी साडी देते. पलीकडे जरा विचारविनिमय झाला. मग तो अडखळत म्हणाला, "तसं नाही ना जमत. बडग्या गडी पायजे. बाईची केली त थे मारबत होते, आन् मारबतीचं आपल्याले झेपत नाही."

गडी घरात होताच. हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते, इथलाच. त्यांना विचारलं. बराच वेळ विचार करून म्हणाले, "हरकत नाही. छत्री आणि बाटली दाखवा म्हणावं. पोट मात्र आहे तेवढंच काढायची गरज नाही."

मी निरोप दिला. पोरगा म्हणाला, पोटाले बांबू आधीच वाकवून ठेवले, आता सरळ नाही होत.