बुडत्याला एलईडीचा आधार

रोहण्यात समुद्र आला आहे. बघायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर जा. दिवसा तो बंद असतो.

आर्वी तालुक्यातलं हे गाव. पूर्वेला निघा की पश्चिमेला, पाचशे किलोमीटरच्या अलीकडे समुद्र लागत नाही. पण ओळखीच्या एका घरी नव्या हॉलमध्ये, सोफ्याच्या डोक्यावर, चार फुटी समुद्र उसळतोय. पुण्याच्या जावयाने वास्तूला दिलेला. ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर ताणलेलं चकचकीत कापड, मागे एलईडीच्या पट्ट्या. खोक्यावर लिहिलेलं, ‘सिल्क’.

मी चष्मा पुसून पुढे झालो. यजमानांनी हात धरला. “थांबा, लाईट लावू द्या. मंग पाहा.”

म्हणजे चित्र आता पाहायचं नसतं. चालू करायचं असतं.

चित्र मात्र थोर. इव्हान आयवाझोव्हस्कीचं ‘नववी लाट’, 1850 सालचं. मूळ चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे, तीन मीटरहून रुंद. रात्रभराच्या वादळात जहाज फुटलंय, उरलेली पाच-सहा माणसं मोडक्या डोलकाठीला लटकलीत, अंगावर लाट येतेय आणि मागे सूर्य उगवतोय.

थोडक्यात, जावयाने वास्तुशांतीला बुडणारी माणसं भेट दिली.

घर बांधताना वास्तुतज्ज्ञ बोलावले होते. ओटा आग्नेयेला सरकवला, जिन्याची एक पायरी कमी केली. फुटलेलं जहाज मात्र कुणाच्याच डोळ्यांवर आलं नाही. रंग छान आहेत ना! शिवाय घरकर्जाचे हप्ते नुकतेच सुरू झालेत. तेव्हा काठीला लटकलेली माणसं तशी घरचीच.

म्हाताऱ्याबाबांनी उठून कापडाचा कोपरा दोन बोटांत चोळला. उभा जन्म पऱ्हाटीत गेलेला. “रेशीम नाही हे. पलिष्टर हाय.” आणि पुन्हा बंगईवर जाऊन बसले.

खात्री करायला फार लागत नाही. एक दोरा काढून काडी लावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पण जावयाची भेट जाळून कोण बघतो?

नकलेला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना घातला, म्हणून तर लक्ष्मी-सरस्वती राजवाड्यातून निघून आपल्या देवघरापर्यंत पोचल्या. लोकांनी त्या चित्रांवर जर लावली, टिकल्या चिकटवल्या. समुद्राचा गर्व उतरवणारा रामही त्याच रविवर्म्याचा.

त्याच्या रामाला प्लग लागला नाही.

आयवाझोव्हस्कीच्याच काळातला आर्खिप कुइंजी. त्याने 1880 साली पीटर्सबर्गमध्ये एकच चित्र मांडलं, नीपर नदीवरची चांदणी रात्र. बघायला रांगा लागल्या. चांदणं इतकं खरं की लोक चित्राच्या मागे डोकावून दिवा शोधायचे. मागे दिवा नव्हताच. होता तो समोरून चित्रावर सोडलेला; चांदणं रंगातलंच.

आता दिवा मागे आहे. त्यामुळे डोकावायची गरजच उरलेली नाही.

तसं रोहण्याचं समुद्राशी नातं जुनंच. पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे 1917 मध्ये सुरू झाली, ती रोहण्यावरूनच जायची. कशासाठी? माणसांना समुद्र दाखवायला नव्हे. कापूस न्यायला. इथला कापूस मुंबई गाठायचा आणि तिथून बोटीने परदेशी जायचा. गाठींनी बंदर बघितलं, पेरणाऱ्याने स्टेशन.

आता ती गाडीही बंद. रूळ गवतात. कापूस देऊन देऊन शंभरेक वर्षांनी समुद्र परत मिळाला, आणि तोही पॉलिस्टरवर! याला व्यापार म्हणतात.

दोन कप चहा होईपर्यंत मी त्या समुद्रासमोर बसलो. एकदा निळा झाला, एकदा पिवळा. रिमोटवर तीन बटणं आहेत. आयवाझोव्हस्कीने पहाट रंगवली. इथे तिसरं बटण दाबलं की थेट दुपार.

नऊ वाजले तसे यजमान उठले. गमबूट चढवले, हातात काठी घेतली, टॉर्च लावून बघितली. या आठवड्यात ओलिताची पाळी रात्रीची. शेतातल्या पंपाला थ्री-फेज लाईन रात्रीच येणार. चित्राच्या लाटेला सिंगल फेज पुरते. गव्हाला नाही पुरत.

म्हणजे बघा, भिंतीवर पाणीच पाणी, तेही प्रकाशमान. आणि घरधनी अंधारात बांध चाचपत पाण्याच्या पाठी. साप दिसला तर त्याला बटण नसतं.

मीही सोबत निघालो. दारात थांबून त्यांनी आत हाक दिली,

“समुद्र बंद करजो वं. बिल येते.”