घोकलेलं इंग्रजी

पुण्यात अप्पा बळवंत चौकात ‘इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचाय’ म्हटलं की समोर याद्यांच्या पुस्तकांचा ढीग पडतो. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पोरं ‘ए’पासून जोमात सुरू करतात आणि ‘सी’च्या आसपास थकतात. मग घरचे म्हणतात, चिकाटीच नाही. चिकाटी भरपूर आहे. रीत चुकीची आहे, आणि ती आपण क्लासची फी भरून विकत घेतो.

हेरमान एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की अर्थहीन अक्षरं पाठ केली तर त्यातली बरीचशी पहिल्या दिवसातच निसटतात. वाक्याबाहेर काढलेला ‘ॲबेयन्स’ बार्शीच्या किंवा परभणीच्या मुलीला तितकाच अर्थहीन आहे. तिनं तो कुणाच्या तोंडून ऐकला नाही, कुठल्या गोष्टीत वाचला नाही. तो टिकणार कशाच्या आधारानं?

बरं, यातल्या कितीतरी याद्यांचं मूळ अमेरिकेच्या परीक्षांत आहे, आणि त्या परीक्षाच पुढे गेल्या. जीआरईनं २०११ मध्ये सुट्या विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले. अवघड शब्द तिथे आजही येतात, पण वाक्याच्या आत. सॅटनं २०१६ मध्ये दुर्मीळ शब्दांचा हट्ट सोडला आणि उताऱ्यात शब्द कोणत्या अर्थानं आलाय ते विचारायला सुरुवात केली. आपल्याकडे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेत समानार्थी-विरुद्धार्थी अजून असतात. तेवढ्यापुरती यादी चाळावी, माझी हरकत नाही. पण तिला ‘प्रगत इंग्रजी’ म्हणून विकू नका.

प्रगत म्हणजे किती? भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला: इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं हवीत. शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं. मजकुराचा साधारण ८० टक्के भाग मात्र पहिल्या दोन हजारांतच उरकतो. आपली मुलं अडतात ती यांच्या मधल्या पट्ट्यात. एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुळं वेगळी काढली. त्यात ‘ॲनलाइझ’, ‘कन्सिस्टंट’, ‘इव्हिडन्स’ असे शब्द आहेत. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला मराठी माध्यमाचा हुशार मुलगा गप्प बसतो तो यांच्यामुळे, आणि क्लासवाले त्याला ‘ॲबरंट’ पाठ करायला लावतात. मला याचा राग येतो.

शिवाय शब्दाला सोबत लागते. मिस्टेक ‘मेक’ करतात, होमवर्क ‘डू’ करतात. पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’. दोन रकान्यांत हे मावत नाही. तो शब्द वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या शेजाऱ्यांसोबत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो.

फुटपाथवर हमखास मिळणारं नॉर्मन लुइस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९चं. चांगलं पुस्तक आहे. ते मुळं समजावतं, लिहायला लावतं, मागचं पुन्हा विचारतं. पण आपण त्यातले शब्द वहीत उतरवून त्याचीही यादी करतो. लुइसनं मेहनतीनं रचलेले सराव कोरेच राहतात.

मायकल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक शंभर वर्षांपूर्वी ढाक्याला शिकवत होता. बंगालची मुलं कशी अडखळतात हे पाहून त्यानं ठरवलं, की आधी वाचता येईल असं काही हाती द्यावं. मोजक्या शब्दांत लिहिलेल्या गोष्टींची पुस्तकं त्यानं तयार केली, नवा शब्द आला की पुढे तो पुन्हा पुन्हा येईल अशी काळजी घेतली. १९५३ मधली त्याची सुमारे दोन हजार शब्दांची यादी जगभर वापरली गेली. अशी पायऱ्यापायऱ्यांची पुस्तकं आज सर्रास छापली जातात. तालुक्याच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांच्या गाइडांना अख्खी कपाटं मिळतात. त्यातला एक खण या पुस्तकांना द्या, आणि मुलांना ती घरी न्यायची परवानगीही द्या.