मोलकरीण : एक स्त्रीलिंगी नाम

‘मोलकरीण’ हे स्त्रीलिंगी नाम असून मोल घेऊन दुसऱ्याच्या घरचे काम करणारी, असा त्याचा अर्थ आहे. ‘मोलकरी’ हे पुल्लिंगी रूप कोशात भेटते, घरात भेटत नाही. पुरुष हेच काम करू लागला की त्याला गडी म्हणतात. जुन्या मुंबईत तर त्याचे नाव काहीही असो, तो ‘रामा’ असे. मोलकरीण या शब्दात गूढ काही नाही. काम आहे आणि त्याचे मोल आहे. इतक्या उघडेपणामुळेच सभ्य घरांनी तो टाकला असावा.

आधीचे शब्द पाहता मोलकरीण ही बढतीच होती. पेशवाईच्या कागदांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ येतात. मोल तिथेही होते, पण ते बाईचे; एकदाच मोजायचे आणि विकणाऱ्याच्या हाती पडायचे. १८४३च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेतला. मोल बाईवरून कामावर आले आणि तिच्या हातात पडू लागले. ते दर महिन्याला द्यावे लागते, ही मालकवर्गाची तक्रारही मग ओघानेच आली.

आज सर्वाधिक चालणारा शब्द ‘बाई’. तो जिजाबाई, अहिल्याबाई यांच्या नावांत आहे आणि शाळेत फळ्यापुढेही उभा असतो. घरात मात्र त्याचा अर्थ क्रियापदावर ठरतो. ‘बाई लावली’ म्हणजे धुण्याभांड्यांची सोय झाली. ‘बाई ठेवली’ म्हणजे संसाराची वाट लागली. मराठी शिकणाऱ्या परभाषकाने इथे विशेष जपावे. ती आली नाही की ‘खाडा’ होतो आणि तो कॅलेंडरच्या चौकटीत मांडला जातो. मालक मंडळी आठ दिवस गावाला गेली तर तो खाडा नसतो, तिला ‘सुट्टी दिलेली’ असते. पैसे कापायचे की नाही, हा विषय परतल्यावर निघतो. साहेब रजा घेतात, बाई दांडी मारते. साहेबांना ताप येतो, बाई कारणे सांगते.

‘बाई’ कानाला खडबडीत वाटू लागल्यावर नाती पुढे आली. शहरी सोसायट्यांत पोळ्या लाटणारी ती काकू आणि भांडी घासणारी ती मावशी, अशी वाटणी सर्रास आढळते. काकूंना ‘अहो’, मावशीला ‘अगं’. काकूंचे हात पिठात असतात, मावशीचे खरकट्यात; सोवळ्याओवळ्याची जुनी मोजपट्टी अशी नात्यांच्या नावाने अजून वापरात आहे. मावशीचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो आणि काही इमारतींत तिची लिफ्टही. सख्ख्या मावशीला असे वागवले तर माहेरी बोभाटा होईल. पण नात्याचा मुख्य उपयोग हिशेबात होतो, कारण नातेवाइकाकडे कोणी करार मागत नाही. ‘तू तर घरचीच’ हे वाक्य बहुधा पगारवाढीचा विषय निघाल्यावरच उच्चारले जाते. दिवाळीला बोनस मागावा, तर घरच्या माणसाला द्यावी तशी साडी मिळते, पुष्कळदा आलेलीच.

मराठी चित्रपटाने हेच नाते उलट्या बाजूने दाखवले होते. सुलोचनाबाईंच्या ‘मोलकरीण’मध्ये आई मुलाच्याच घरी मोलकरीण म्हणून राबते. प्रेक्षक रडले. घरी जाऊन भांडी कोणी घासली, याची नोंद नाही.

इंग्रजी शाळेत गेलेल्या घरांत ‘मेड’ आली, मग ‘हाउस हेल्प’, आणि आता नुसतीच ‘हेल्प’. २०२५च्या मार्चमध्ये मुंबईत एका ॲप कंपनीने १५ मिनिटांत ‘मेड’ पोहोचवण्याची जाहिरात केली. माणूस आहे की किराणा, अशी ओरड झाली. कंपनीने चूक तत्परतेने सुधारली : नावातली ‘मेड’ काढून ‘हेल्प’ घातली. पंधरा मिनिटे तशीच राहिली.

ज्यांच्यासाठी हे शब्द घडवले जातात, त्यांची पसंती वेगळी निघाली. १९८० साली पुण्यातल्या या बायकांनी पगारवाढ आणि रजेसाठी संप केला. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेचे नाव ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’. ‘मावशी मंडळ’ असे नाव कोणी सुचवले नाही. मावशीने संप केला तर ती रुसली म्हणतात. मोलकरणीने केला तर मोलाची बोलणी करावी लागतात.

सरकारने पुढे ‘घरेलू कामगार’ हा शब्द स्वीकारला आणि महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ केला. राजभाषेत ‘घरकामगार’ उपलब्ध असताना हिंदीतून उसनवारी का केली, हे शासनास ठाऊक. मंडळाच्या सन्मानधन योजनेत नोंदणी असलेल्या आणि वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्या बाईला १०,००० रुपये मिळतात. एकदाच. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण मानले, म्हणजे ज्या जागेत तिला घरचीच म्हटले जाते ती जागा कायद्याच्या लेखी तिचे कार्यालय आहे. या कार्यालयात हजेरीपट आहे, तो स्वयंपाकघरातल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला. नेमणूकपत्र मात्र नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांना इतर कामगारांसारखेच हक्क देणारा करार क्रमांक १८९ संमत केला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. त्याला अनुसमर्थन भारताने अद्याप दिलेले नाही.