कुरळ सार

चेन्नईतल्या कुठल्याही कचेरीत जा. बँक असो, विमा कंपनी असो, वीज मंडळ असो, नाहीतर ओरगडमच्या औद्योगिक पट्ट्यातला मोटारींचे सुटे भाग करणारा कारखाना असो, हा माणूस तिथे असतोच. पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचा पुसट पट्टा आणि खिशाला दोन पेनं. एक सही करायला, दुसरं कुणी मागितलं तर द्यायला. वय पन्नाशीच्या पुढे, हुद्दा चारजणांवर हक्काने ओरडता येईल इतका मोठा. आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे पावणेदोन ओळींचा तोडगा तयार.

आमच्या प्रेस शॉपच्या साहेबांना सगळे 'कुरळ सार' म्हणत. तोंडावर अर्थात नुसतं 'सार'.

पावणेदोन ओळी म्हणजे कुरळ. वरच्या ओळीत चार शब्द, खालच्या ओळीत तीन, संपलं. असे दहा कुरळ मिळून एक प्रकरण. प्रकरणं १३३, म्हणजे एकूण कुरळ १,३३०. कन्याकुमारीच्या समुद्रात उभा असलेला, हे कुरळ रचणाऱ्या तिरुवळ्ळुवरांचा पुतळा चौथऱ्यासकट १३३ फूट आहे, तो याच हिशेबाने. तमिळनाडूत कुरळ टाळायचा म्हटला तरी टळत नाही. शाळेत तो पाठ करावा लागतो, सरकारी बसमध्ये तो लिहिलेला असतो, वळ्ळुवर कोट्टममध्ये तर सगळेच्या सगळे दगडात कोरून ठेवलेत. पी. चिदंबरम दिल्लीत अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले की आकड्यांच्या गर्दीतही एखाद्या कुरळाला जागा करून देत.

ग्रंथाचे भाग तीन: धर्म, अर्थ आणि काम. त्यातल्या अर्थाला सत्तर प्रकरणं दिली आहेत. राजाने कसं वागावं, माणसं कशी पारखावी, कामं कशी वाटावी, हेर कसे नेमावे, सगळं त्यात आलं. हे वाचताना 'राजा' या शब्दाच्या जागी स्वतःला बसवायला प्रॉडक्शन मॅनेजरला कितीसा वेळ लागणार? सारांना तर तेवढाही लागला नव्हता. एमबीए झालेल्या पोरांकडे ते दयेने बघत.

मी चिंचवडचा आहे हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो साने गुरुजींचा. स्वातंत्र्यलढ्यात गुरुजी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात होते, तिथे ते तमिळ शिकले आणि पुढे त्यांनी कुरळ मराठीत आणला, ही माहिती मला ओरगडमला मिळाली. सारांनी ते पुस्तक कुठूनसं मिळवून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. पुढे एकदा एका लॉटमध्ये रिजेक्शन वाढलं तेव्हा त्या भेटीचा उद्देश कळला. सार म्हणाले, "५१०. तुझ्या भाषेत वाच आणि मग माझ्याकडे ये." गुरुजींनी तुरुंगात एवढे कष्ट घेतले ते मला मराठीतून झाप बसावी म्हणून, याबद्दल सारांच्या मनात काडीची शंका नव्हती.

सारांच्या रागाची एक ठरलेली पद्धत होती. आधी कान लाल होत. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला जाई. मग उजव्या हाताचं बोट वर जाई आणि फक्त आकडा ऐकू येई. शिवी नाही, आरडाओरडा नाही, नुसता आकडा. समोरच्याला अर्थ आठवला तर ठीक, नाही आठवला तर त्याने घरी जाऊन शोधायचा, म्हणजे अपमान स्वतःच्या हाताने सोडवून घ्यायचा. आमच्या स्टोअरकीपरच्या नशिबी हे ५१० वारंवार येई. पारख न करता माणसावर विश्वास टाकणं आणि विश्वास टाकल्यावर संशय घेणं, या दोन्हींतून कायमचा ताप निर्माण होतो, असा त्याचा अर्थ. बिचारा स्टोअरकीपर आठ-आठ दिवस कोड्यात. आपल्यावर विश्वास टाकला ही सारांची चूक, की आता संशय घेताहेत ही? विचारायची सोय नव्हती. विचारलं तर आणखी एक आकडा पडायचा.

कामं सोपवण्याबद्दल सारांचा आवडता कुरळ ५१७. अमुक काम अमुक साधनाने अमुक माणूस तडीला नेईल हे नीट तपासावं आणि मग ते त्याच्यावर सोडून द्यावं. यातलं तपासणं सार अतिशय मनापासून करत, सोडून देणं मात्र राहून जाई. डाय बदलायचं काम एकदा त्यांनी जुन्या फिटरवर सोपवलं. सगळ्यांदेखत ५१७ म्हणून दाखवला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि केबिनमध्ये गेले. पहिला बोल्ट सुटायच्या आत इंटरकॉम वाजला. दुसऱ्या बोल्टला पुन्हा वाजला. तिसऱ्या बोल्टला सार स्वतःच येऊन उभे राहिले. फिटर पाना खाली ठेवून हात बांधून बाजूला झाला. म्हणाला, "सार, कुरळ संपला की सांगा, मग काम करतो."

वळ्ळुवरांचं सालही सार कामात आणत. तमिळनाडूत वळ्ळुवरांच्या नावाने वर्ष मोजतात, इसवी सनात ३१ मिळवायचे. सरकारी कॅलेंडरावर ते असतं, पण सारांनी ते मायक्रोमीटरवर आणलं. कॅलिब्रेशनच्या स्टिकरवर पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी स्वहस्ते घातली, वर्ष २०५४. ज्यांना आम्ही माल पुरवायचो त्या कंपनीचा ऑडिटर आला, स्टिकर बघून बराच वेळ गप्प राहिला आणि मग अत्यंत अदबीने विचारता झाला, "एवढी वर्षं हा बिघडणार नाही असं कुणी सांगितलं?"

पण खरी गंमत पुढेच आहे. जो साहेब शहाणपण सांगतो त्याच्या हाताखालच्यांना ते माहीत नसतं, हा साहेबाचा फायदा असतो. इथे तो फायदा नव्हता. शॉपमधला प्रत्येक माणूस त्याच शाळांतून तेच कुरळ पाठ करून आलेला. त्यामुळे आकडे वरून खाली येत तसे खालून वरही जात, फक्त बिनआवाजी. एकदा डिस्पॅचच्या घाईत ट्रॉल्यांवर दुप्पट माल चढवायचा हुकूम निघाला. दुपारी ट्रॉलीवर कुणीतरी खडूने '४७५' लिहून ठेवलं. मोरपिसांनी भरलेल्या गाडीचाही, प्रमाण सोडून भरली तर, कणा मोडतो, असा तो कुरळ. सार समोर आले, आकडा वाचला, रुमालाने पुसला आणि अर्धा माल खाली उतरवायला सांगितला. कुणी लिहिलं याची चौकशी झाली नाही. आकडा चुकला असता तर झाली असती.

दुसऱ्यांदा प्रॉडक्शन मीटिंगमध्ये सारांनी टेबलावर असा काही हात आपटला की संध्याकाळपर्यंत मनगट सुजलं. दुसऱ्या दिवशी क्रेप बँडेज बांधून आले तर नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक '३०७'. राग ही मोठी चीज आहे असं मानून तो बाळगणाऱ्याची गत जमिनीवर हात आपटणाऱ्यासारखी होते, लागल्याशिवाय राहत नाही. वळ्ळुवरांनी इतकं नेमकं निदान करून ठेवल्यावर कारखान्याच्या डॉक्टरला काही कामच उरलं नव्हतं.

मीटिंगमध्ये बसायचंही शास्त्र होतं. राजाजवळ शेकोटीजवळ बसतात तसं बसावं, फार जवळही नाही, फार लांबही नाही, असं ६९१ मध्ये आहे. म्हणून सारांच्या दोन्ही बाजूंच्या तिसऱ्या खुर्च्या सर्वांत आधी भरत. उशिरा येणारा भाजायचा, नाहीतर गारठायचा.

हे झालं खालच्या बाजूचं. वरच्या बाजूला सार म्हणजे निव्वळ लोणी. एमडींचा फोन आला की ते खुर्चीतून उठून उभे राहत. पलीकडून काय काय पडत असेल ते पडो, इकडून फक्त "येस सार, शुअर सार." फोन ठेवला की आमच्याकडे वळून समाधानाने म्हणत, "पाहिलंत? याला म्हणतात वेगुळामै." वेगुळामै म्हणजे न रागावणं. कुरळाचं एकतिसावं प्रकरण, ३०१ ते ३१०. एमडींसमोर आपण राग गिळला याचे पूर्ण गुण सार दरवेळी स्वतःला देऊन टाकत.

मग एका जानेवारीत हेड ऑफिसातून फर्मान निघालं. कामाच्या ठिकाणचा राग या विषयावर प्रत्येक प्लँटने शिबिर घ्यावं. दुसऱ्या प्लँटनी बाहेरून सल्लागार आणले. त्यांनी माणसांना फुगे फुगवायला लावले आणि डोळे मिटून समुद्रकिनारा बघायला लावला. सार म्हणाले, "समुद्रकिनारा इथून तासाभरावर आहे, मिटल्या डोळ्यांनी कशाला बघायचा?" पोंगलला लागूनच तिरुवळ्ळुवर दिन येतो. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः शिबिर घ्यायचं ठरवलं. कँटीनमधली टेबलं हलवली, पडदा लावला, दोन शिफ्टची माणसं एकत्र बसवली.

शिबिर खरंच चांगलं रंगलं. सार बोलायला उभे राहिले की वेगळेच दिसत. राग स्वतःला आधी मारतो, मग अडीअडचणीला तारून नेणाऱ्या आप्तांची नावसुद्धा जाळतो, हे सांगताना त्यांनी दारू पिऊन घरी हात उगारणाऱ्यांकडे न बघता बघितलं, आणि दोन-तीन माना खाली गेल्या. शेवटच्या ओळीपर्यंत सगळे ऐकत होते. सारांनी टाळ्यांसाठी क्षणभर वाट पाहिली. तेवढ्यात मागून आवाज आला, "सार, ३०१?"

नुकतीच लागलेली ट्रेनी मुलगी. तिरुवण्णामलैकडची, डिप्लोमा करून आलेली, इतकी हळू बोलणारी की मशीनजवळ तिचं म्हणणं कुणाला ऐकूच येत नसे. सगळे १,३३० कुरळ तोंडपाठ म्हणणाऱ्या शाळकरी मुलांना तिथलं सरकार बक्षीस देतं. ते तिने घेतलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. तिच्या मनात वाकडं काहीच नव्हतं. दहातला एक गळलाय, एवढंच तिला सहन होत नव्हतं.

खरंच, पडद्यावर ३०२ ते ३१० होते. नऊच.

"वेळ कमी होता," सार म्हणाले.

"मी म्हणते, सार," ती म्हणाली, आणि म्हणून मोकळी झाली. ज्याच्यावर आपला राग चालू शकतो त्याच्यावरचा आवरला, तरच तो आवरला म्हणायचा. जिथे चालतच नाही तिथे आवरला काय आणि नाही आवरला काय, कुणाला त्याचं काय? प्रकरणाची सुरुवातच वळ्ळुवरांनी इथून केली आहे.

एकदम सगळ्यांना कँटीनच्या फरशीत फार काहीतरी बघण्यासारखं सापडलं. एमडींचा फोन दीडशे माणसांच्या डोक्यात एकाच वेळी वाजला असावा. सारांचे कान लाल झाले. चष्मा निघाला. बोट वर गेलं. आम्ही आकड्याची वाट बघत राहिलो. आकडा येईना. १,३३० पैकी एकही त्या मुलीला लागू पडत नव्हता. आणि जे आठवत होते ते सगळे बोट वर केलेल्यालाच लागत होते.

शेवटी जुन्या फिटरने खाकरून सुचवलं, "३८९ आहे, सार." ज्याच्या कानाला कडू बोल सोसतात त्या राजाच्या छत्राखाली जग राहतं, असा तो. सारांनी बोट खाली घेतलं, चष्मा घातला, बराच वेळ फिटरकडे बघितलं आणि म्हणाले, "वडे गार होतील. खाऊन घ्या."

मुलीची बदली पेंट शॉपला होणार याबद्दल शॉपमध्ये पैजा लागल्या. झाली नाही. उलट नोटीस बोर्डावर रोजचा कुरळ लिहायचं काम सारांनी तिच्याकडे दिलं, आणि या वेळी मात्र सोपवल्यावर मागे जाऊन उभे राहिले नाहीत. ती ३०१ पासून सुरू करते की काय, म्हणून सगळे दुसऱ्या दिवशी लवकर आले. तिने पावसावरचा लिहिला होता. पोरगी हुशार.

आता मी पुन्हा चिंचवडला आलो आहे. ओरगडमला अधूनमधून फोन होतो. सार आहेत तसेच आहेत, निवृत्तीला थोडे दिवस उरलेत. एमडींचा फोन अजून उभं राहूनच घेतात. मात्र ठेवल्यावर आजूबाजूच्यांना म्हणतात, "हा मोजायचा नाही." आणि खालच्या माणसांवर चिडले की कान लाल होतात, चष्मा निघतो, पण तोंडातून शब्द बाहेर पडत नाही. नुसते बघत राहतात आणि थोड्या वेळाने चष्मा घालून निघून जातात.

याने सगळ्यांत हैराण झालाय तो स्टोअरकीपर. परवा फोनवर अक्षरशः रडकुंडीला आला होता. "पूर्वी बरं होतं हो. ५१० म्हणायचे, घरी जाऊन बघायचो. आता नुसते बघतात! मी पान उघडायचं कुठलं?"