मूळचे कुठले?

आमच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की टेम्पोतून कपाट उतरायच्या आत काका खाली हजर असतात. "पाणी हवंय का?" हा पहिला प्रश्न शिष्टाचाराचा. खरा प्रश्न दुसरा, "मूळचे कुठले?" समोरचा "पुण्याचाच" म्हणाला की काका नुसते हसतात. मग आजोबा कुठले, पणजोबा कुठले, कुलदैवत कोणतं, असं करत ते त्या बिचाऱ्याला कुठल्याशा खाडीकाठच्या वाडीत नेऊन सोडतात. तोवर कपाट पाठीवर घेतलेला हमाल जिन्यात ताटकळलेला असतो. त्याचंही गाव काकांनी येता येता विचारलेलं असतंच.

खोड जुनी, नोकरीतली. काका सूक्ष्म जीवाश्मांचे प्राध्यापक. उमेदीची दोन वर्षं त्यांनी सिसिलीत भूमध्य समुद्राच्या गाळातून ऑस्ट्राकोड निवडण्यात घालवली. ऑस्ट्राकोड म्हणजे कोळंबीच्या भाऊबंदांतला सगळ्यात गरीब: दोन शिंपांच्या डबीत राहणारा, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. मोठा होईपर्यंत आठ वेळा कात टाकतो आणि दर खेपेला जुनी डबी तळावर टाकून देतो. तळावर राहणाऱ्या जातींची पिल्लं पाण्यावर तरंगत गावभर हिंडत नाहीत. "आईच्या अंगणातच वाढतात रे," काका कौतुकाने सांगतात, "म्हणून यांचा पत्ता सहसा खोटा निघत नाही."

एवढं करून हाती काय लागलं, तर भूमध्यात मूळचं असं जवळजवळ कुणी नाहीच! सुमारे 59 लाख 70 हजार वर्षांपूर्वी अटलांटिककडची वाट बंद होत गेली, पाणी आटलं, तळाशी मीठ साचलं. 1970 साली 'ग्लोमार चॅलेंजर' जहाजाने तळाला भोकं पाडली, तेव्हा जिप्सम आणि मीठ वर आलं. शेवटी शेवटी जे निमखारं पाणी उरलं, त्यात काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्या पूर्वज-समुद्राकडून ऑस्ट्राकोड येऊन राहिले. चांगले स्थिरावले. आणि 53 लाख 30 हजार वर्षांपूर्वी जिब्राल्टरचं दार उघडून अटलांटिक पुन्हा आत घुसला. सिसिलीत एराक्लेआ मिनोआच्या कड्यात ते दिसतं: खाली तपकिरी थर, वर एकदम पांढराशुभ्र. काकांकडे त्याचा फोटो आहे. दोन थरांच्या सीमेवर बोट टेकवून ते म्हणतात, "इथे खालच्यांचा भाडेकरार संपला."

हा फोटो त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत बाहेर काढला. विषय पार्किंगचा होता. 'ए' विंगच्या एका सभासदाने "आम्ही मूळ रहिवासी" असं म्हणायला नको होतं. काका उठले. जिब्राल्टरचा उंबरठा जेमतेम 300 मीटर खोल, आत तळाचं पाणी बाराही महिने 13 अंशांच्या आसपास, म्हणून अटलांटिकच्या थंड खोलीतल्या मंडळींना आत शिरताच येत नाही. उलट 1869 साली सुएझ कालवा झाल्यापासून तांबड्या समुद्राकडचे पाहुणे मागल्या दाराने येतच आहेत, आणि आता त्यांना परके म्हणणारे कोण, तर 53 लाख वर्षांपूर्वी पुढल्या दाराने आलेले! चाळीस मिनिटं. कोरम मोडला. पार्किंगचा प्रश्न अजून तसाच आहे, पण त्या दिवसापासून सोसायटीत 'मूळ' हा शब्द कुणी उच्चारत नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते भिंग लावून बसले होते. चौकटी आखलेला काळा ट्रे, हातात तीन शून्यांचा ब्रश. ब्रशचं टोक ओलं करून त्यांनी एक पांढरा ठिपका अलगद उचलला आणि मधल्या चौकटीत ठेवला. "वाक. श्वास धर. बघ."

मी वाकलो. भिंगाखाली एक चिमुकली, जाळीदार नक्षीची शिंप. इतकी देखणी, की मी न राहवून विचारलं, "हा मूळचा कुठला?"

त्या 'हा'बरोबर ठिपका उडाला.

काका काही बोलले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून ते गुडघ्यांवर बसले. मीही. मोझेकच्या फरशीवर पांढरे ठिपके हजारो. आम्ही टेबलाखाली रांगत असताना काकू केरसुणी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"अहो, 53 लाख वर्षांपूर्वी कोण कुठून आलं ते सांगता ना? मग हा आत्ता कुठे गेला ते सांगा पटकन. मला केर काढायचाय."