निर्दोष आहात? मग जामीनदार आणा!

रविवारी मालिकेचा महाएपिसोड झाला आणि चौदा वर्षं खुनाची शिक्षा भोगणारा दादा एकदाचा निर्दोष सुटला. न्यायाधीशांनी निकाल वाचला, दादानं डोळे पुसले आणि जाहिरातींनंतर दादा थेट न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना दिसला. अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा कुर्ता. खाली आई ओवाळणीचं तबक घेऊन उभी. निरांजनाची ज्योत तसूभर हलत नव्हती. शेजारी वकिलीणबाईंची बट मात्र भुरभुरत होती, म्हणजे वारा होता आणि तो फक्त बटेपुरता होता.

तसा मी सोशिक प्रेक्षक आहे. नायिका सकाळी सासूबाईंच्या संकष्टीची खिचडी परतून दुपारी अपिलात तीन साक्षीदारांची उलटतपासणी घेते, हे मी निमूट पाहिलं. अपिलात सहसा नवे साक्षीदार उभे राहत नाहीत, जुन्याच कागदांवर युक्तिवाद होतो. पण कागद वाचणारी बाई पाहायला कोण बसणार? आपल्या कोर्टात नसलेला तो लाकडी हातोडाही मी गोड मानून घेतला. माझं घोडं अडलं ते पायऱ्यांवर.

दादा तिथं आला कसा? अपील चालू असतं तेव्हा पक्का कैदी बहुधा कोर्टात नसतोच. तो असतो दूरच्या कारागृहात, बराकीत नाहीतर कारखान्यात कामाला. निकाल आधी वकिलाला कळतो, मग घरच्यांना, आणि ज्याची सुटका झाली त्याला जमेल तेव्हा. मग आदेश टाइप होणार, सही होणार, खाली जाणार, तिथून कारागृहाच्या दारात पोचणार. त्यात बापाच्या नावात रामभाऊचा रामराव झाला असेल, तर आल्या पावली परत. हेही एक वेळ सोडा. दादानं बंधपत्र दिलं का?

कसलं, म्हणून काय विचारता! निर्दोष सुटल्याचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८१ आहे, जुन्या फौजदारी संहितेत ते ४३७-अ होतं. यात इंग्रज साहेबाच्या नावानं खडे फोडायचीही सोय नाही, कारण हे कलम आपणच २००८ च्या दुरुस्तीनं घातलंय. आरोपीनं लिहून द्यायचं की, पुढे कुणी वरच्या कोर्टात गेलं आणि नोटीस आली तर मी हजर होईन. मुदत सहा महिने. कुठे जातमुचलक्यावर भागतं, कुठे जामीनदार मागतात.

आता चौदा वर्षं आत असलेल्या माणसानं जामीनदार आणायचा कुठून? सख्ख्या भावानं वाटणी करून केव्हाच हात झटकलेत. मेव्हणा बहिणीला मुलाखतीलासुद्धा पाठवत नव्हता. राहता राहिला चुलता. तो भला माणूस, तयार होतो. पण त्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा. रेशनकार्डावर अजून मयत आजीचं नाव. ऐपतीचा दाखला आणायला तहसीलला जावं, तर तिथं सर्व्हर डाऊन आणि तलाठी निवडणुकीच्या कामावर. अहो लेखकमहाशय, हे चाळीस भागांचं कथानक तुम्ही जाहिरातीत घालवलंत! आणि चुलती? ती काय गप्प बसणार? ती पदर खोचून उंबऱ्यात उभी राहील. ‘खुन्याला जामीन राहता? आपल्याला पोरीबाळी उजवायच्यात!’ ‘अगं, पण तो निर्दोष सुटलाय.’ ‘निर्दोष सुटलाय, तर मग जामीन कशाला मागतायत?’ या प्रश्नाला चुलत्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीवर बातमी पोचते की दादा काही पुरता सुटलेला नाही, नुसता जामिनावर येतोय. कोर्टालाच त्याचा भरवसा नाही, तर आपण कशाला धरा?

भरपाईचं मालिकेत कुणी नाव काढलं नाही, ते मात्र वास्तवाला धरून होतं. चुकीच्या शिक्षेची भरपाई हक्कानं मागता येईल असा वेगळा कायदाच आपल्याकडे नाही. वरच्या एखाद्या कोर्टानं दिली तर दिली. संहिता चाळली तर ३९९ कलम हाती लागतं. पुरेशा कारणाशिवाय कुणाला अटक करायला लावली, तर लावणाऱ्याकडून भरपाई, जास्तीत जास्त एक हजार रुपये. पूर्वी शंभर होते, २००५ च्या दुरुस्तीनं वाढवले. हजारात दादाचा तो कुर्तासुद्धा येत नाही.

आणि दादाच्या खटल्यातला तो पंच? मालिकेत खलनायकाला बेड्या पडल्या, टाळ्या झाल्या. पण एकाच ठाण्याच्या दर गुन्ह्यात योगायोगानं घटनास्थळी हजर असणारा तो टपरीवाला, कोऱ्या पंचनाम्यावर त्याची सही घेणारे साहेब, यांना कुणी काही विचारलं? खटल्यात खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. फाशीच्या गुन्ह्यात कुणाला अडकवायला दिली, तर जन्मठेपेपर्यंत मजल जाते. पुस्तकात सगळं छापलेलं आहे. प्रत्यक्षात निकालपत्रात ‘तपासात त्रुटी आढळतात’ असं एक वाक्य येतं आणि मंडळी मोकळी. त्रुटी! बाप मेला तेव्हा खांदा द्यायला दादा नव्हता, आणि हिशेबात लागली ती त्रुटी. मला इथं विनोद सुचत नाही. साहेबांची बदली होते, बढती होते, निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळतं. त्यांच्याकडून सहा महिन्यांचा जातमुचलका कुणी लिहून घेत नाही.

मालिकेत उद्यापासून दादाच्या लग्नाची गडबड सुरू होतेय. स्थळ चांगलं आहे म्हणे. मुलीच्या वडिलांची सात एकर बागायत, सातबारा कोरा, आणि तहसिलात ओळखही आहे.