आग्रह न करणारा वाढपी

“अरे, 65 वॅटचा चार्जर? फोन 18 वॅटचा आहे, फुटेल की!” आमचे काका कडाडले. लॅपटॉपचा चार्जर फोनला लावणे म्हणजे त्यांच्या लेखी घरातल्या नळाला थेट कोयना धरण जोडणे.

काकांची भीती समजू शकते. त्यांची हयात पंगतीत गेली. तिथे वाढप्याच्या हातात जिलबी असेल तर ती पानात पडणारच. नको म्हटलं तर दोन. चार्जर मात्र असा आग्रही नाही. यूएसबी पॉवर डिलिव्हरीचा चार्जर आधी 5 व्होल्टवर मुकाट उभा राहतो, आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो आणि फोन मागेल तेवढंच वाढतो. मग तो स्वतः 240 वॅटचा का असेना. बॅटरी भरत आली की फोनच पानावर हात आडवा धरतो.

बॅटरीचा खरा वैरी वॅट नव्हे, उष्णता. तिच्याशी मात्र काकांचं सख्य. रात्री फोन उशीखाली, दुपारी गाडीच्या काचेमागे उन्हात आणि संध्याकाळी चार्जिंगला लावूनच क्रिकेट. चार्जर? स्टेशनबाहेर फुटपाथवर 120 रुपयांना घेतलेला. त्यावर बीआयएसची खूण नाही, वॅटचा आकडाही नाही.

“बघ,” काका विजयी मुद्रेने म्हणाले, “आकडाच नाही, म्हणजे धोकाच नाही!”